मुकीच्या पाठीवरचा हात

कुठली म्हनून काय सांगू ताई तुमाला, माय जिथं थांबली तिथली मी. कर्जतच्या खाली, माळावर, एका हिवराच्या झाडाखाली झाले म्हनं, आन् माय तिसऱ्या दिशी पाल उचलून चालायला लागली, कारन पाटलाचा मानूस आला, म्हनला इथनं हला, रात्री कुनाच्या तरी खळ्यावर चोरी झाली तर आमाला पोलिसास्नी जबाब द्यावा लागंल. असं आमचं. पारध्याचं पोर जन्मलं की आधी पोलिसाला कळतं, मंग बापाला, असं माझा बाप म्हनायचा आन् हसायचा, हसायसारखं त्यात काय न्हाई पन त्यो हसायचा. माझं नाव शिमला. त्यो कुनातरी साहेबाच्या तोंडून ऐकून आला हुता, थंडगार गाव हाय म्हनला, पोरीला थंड वाटंल. मला कवा वाटलं न्हाई.

आमी फासेपारधी. बंदूक न्हाई, भाला न्हाई, निसता फास. तातीची, म्हंजे जनावराच्या आतड्याची, दोरी वळायची, हरनाच्या वाटंवर मांडायची, आन् गाभनी हरनी फासात आली तर सोडून द्यायची, तिच्या अंगावरनं पदर फिरवायचा आन् जा म्हनायचं. हसू नका, खरं सांगते. आन् दुसरं आमचं साधन म्हंजे गाय. आता गाईचं नीट सांगते, कारन सगळं तिच्यावरच हाय. हरीन मानसाला बघून पळतं, गाईला बघून पळत न्हाई. मंग मानूस गाईच्या आड लपून, तिच्या खांद्याला खांदा लावून, वाकून, वाऱ्याच्या उलट्या अंगानं चालतो, कळपाच्या पार जवळ जातो. पन गाय तशी शिकवावी लागती, कालवड असल्यापासनं. बोलायचं न्हाई, हाकायचं न्हाई. ढुंगनावर बोट लावलं की चालायचं. पाठीवर हात ठेवला की थांबायचं, आन् हात हाय तवर थांबायचं, माशी बसू दे, काटा रुतू दे, काय वाट्टेल ते होऊ दे. हात काढला की मोकळी, जा चर. आमच्या मालकानं एक कालवड अशी शिकवली हुती, मुकी तिचं नाव. जन्मात हंबरली न्हाई. व्याली तवा बी हंबरली न्हाई, मीच वरडत हुते तिच्या वतीनं.

मालकाचं नाव मी घेत न्हाई, तुमी विचारू नका, गेला तरी घेत न्हाई. उंच हुता, बोलनं कमी. माझं तोंड चालायचं आन् त्याचे हात चालायचे, असा आमचा संसार. मुकीच्या पाठीवर हात ठेवून उभा ऱ्हायला की ती दोघं कुनी दगडात कोरल्यावानी, डोळ्याची पापनी हलायची न्हाई. मला राग यायचा. म्हनायची, बायकूच्या पाठीवर कवा ठेवला का असा हात?

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याचं सगळे सांगत्यात, मी वेगळं काय सांगू. खडी फोडली, सुकडी खाल्ली. लोकांची जनावरं छावनीत गेली, आमची मुकी कोन घेनार छावनीत, पारध्याची गाय म्हनल्यावर कुनाची चोरली इथनंच सुरू. मंग मालकानं निवडुंग तोडायचा, जाळावर धरून काटं जाळायचं, कोयत्यानं बारीक करून तिला घालायचा. बाभळीच्या शेंगा घालायचा. माझ्या लेकीला, रतनला, त्या वक्ताला दूध मुकीचंच, वाटीभर निघायचं, पन निघायचं. गावातली जनावरं मेली आन् आमची गाय जगली, ते बी लोकांस्नी सोसलं न्हाई.

दुसऱ्या साली पाऊस झाला, कुरनात गवत आलं, आन् हरनं बी आली. कुठं गेल्ती कुनास ठाऊक, कळपानं आली. आन् त्याच वक्ताला शिकार बंदचा कायदा आला. फास मांडला तर जेल. आता आमी खायाचं काय ते कायद्यात लिवलं नव्हतं. मंग एक दिस जीप आली, जंगलाचा साहेब उतरला, मोठा, पांढरे बूट. मालकाला हाक मारली, आमाला वाटलं झालं, चला. पन साहेब म्हनला, हे बघ, हे सगळं कुरन सरकार राखनार हाय, काळविटासाठी, तारा लावनार, फाटक लावनार, लोक लांबनं बघायला येतील, दिवसभर फिरतील आन् जातील. वरनं मंजुरी आनायची तर मोठ्या लोकांस्नी एकदा जवळनं कळप दाखवाया पायजे. जीपनं गेलं की हरीन पळतं. तू पारधी, तू ने जवळ. दाखवलंस तर तुला इथं राखनदार करतो, सरकारी खाकी देतो.

खाकी. ताई, तुमाला त्याचं काय कळायचं न्हाई. तुमच्या दारात पोलीस आला तर तुमी पानी देता. आमच्या पालावर आला की मी लेकीचं तोंड पदरात दाबून पळायची, काय केलेलं नसलं तरी पळायची. मालकाच्या पाठीवर वळ हुते, ते कशाचे मी सांगत न्हाई. खाकी दारात टांगलेली असली की दुसरी खाकी आत येनार न्हाई, एवढंच मला कळलं. मी त्याला म्हनलं, दाखव. काय वाट्टेल ते कर पन दाखव. त्यानं त्याच दिशी घरातले सगळे फास आनले, बापाच्या हातचे, आज्याच्या हातचे, साहेबापुढं ढीग केला आन् काडी लावली. साहेब म्हनला, शाबास. जळत्या तातीचा वास लई घान येतो, केस जाळल्यावानी.

मंग त्यो दिस आला. सकाळचं ऊन कवळं हुतं, मार्गेसर म्हैन्यातलं. जीपमधनं साहेब उतरला, संगं एक बाई, गळ्यात फोटूचं यंत्र, आन् एक पाव्हना, काळा चश्मा, अंगावर शाल. पुन्याकडचा कुनी बडा, मंजुरी त्याच्या शब्दावर हाय असं साहेब मालकाच्या कानात म्हनला. मला भाकरी-पिठलं करून आनायला सांगितलं हुतं, कारन बाईला पारध्याच्या हातचं खायाचं हुतं, आवड म्हनून. मी डोक्यावर टोपलं, काखंत पान्याची कळशी, मागं मागं.

मालकानं सांगितलं, बोलायचं न्हाई, शिंकायचं न्हाई, वाकून गाईच्या आडनं चालायचं. आन् काय दिसलं असंल ते म्हनून सांगू, पुढं मुकी, तिच्या खांद्याला मालक, त्याच्या मागं साहेब वाकलेला, मंग ती बाई, मंग पाव्हना ढेकर दाबीत, सगळी मोठी मानसं एका गाईच्या पोटाआड दडून चाललेली. मला हसू आलं. मनात म्हनलं, बघा रं, आज पारध्याची गाय सरकारला वाट दावती.

बोरीच्या झुडपाच्या पलीकडं कळप हुता. माद्या चरत हुत्या, आन् मधी त्यो नर, काळाभोर, पोटाला पांढरा, शिंगं पीळ दिलेली, मान वर करून हुंगत हुता. मुकीला बघितलं आन् परत मान खाली घातली. मालकानं मुकीच्या पाठीवर हात ठेवला. थांबली. बाईनं फोटू काढला, आन् काढता काढता तिच्या डोळ्यात पानी आलं, किती सुंदर, किती सुंदर असं निसतं ओठ हलवून म्हनत हुती. साहेबानं मालकाकडं बघून मान हलवली. म्हंजे झालं. म्हंजे खाकी आली. ताई, तेवढा एक घोट सुखाचा मला आजबी आठवतो, मी कळशी खाली ठेवली आन् मनातल्या मनात रतनला म्हनलं, आता पळायचं न्हाई.

तवर पाव्हन्यानं शाल बाजूला केली. खाली बंदूक.

मालक बोलला, हळूच, साहेब, बंदी हाय ना. पाव्हना हसला, म्हनला कायदा आपल्याच घरचा हाय. साहेबानं तोंड फिरवलं आन् लांब डोंगराकडं बघत ऱ्हायला, जनू तिथं काय तरी लई महत्त्वाचं दिसत हुतं. बाई म्हनली, अहो नको ना, पन अशी म्हनली जशी नवऱ्याला दुसरा लाडू नको म्हनत्यात. पाव्हन्यानं नळी मुकीच्या पाठीवर टेकवली, मालकाच्या हाताच्या शेजारीच, आन् उडवली.

मुकी शहारली, सगळं कातडं थरथरलं, पन जागा सोडली न्हाई. हात पाठीवर हुता ना. कळप उधळला, आन् नराचा मागला पाय मोडला, तीन पायावर उड्या मारत त्यो पळायचं सोडून आडवाच आला, आमच्या समोरनं, मुकीच्या तोंडापुढनं. पाव्हन्यानं नळी फिरवली त्याच्या मागं. मी बघत हुते, नळी फिरत फिरत मुकीच्या मानंवर आली, मला दिसत हुतं, मी वरडले, हात काढ, अरं हात काढ! हात काढला असता तर ती पळाली असती. त्याला बी दिसत असंल. त्यो हात काढीना. बार उडाला.

मानंत गेला, सगळा बार. तरी मुकी उभी. चारी पायावर उभी, रगत छातीवरनं गळतंय आन् ती उभी. मंग तिनं मान वळवून मालकाकडं बघितलं. ताई, मी गाई लई बघितल्या, मरताना बघितल्या, पन तसं बघनं मी परत बघितलं न्हाई. विचारत हुती, बसू का आता. तवा त्यानं हात काढला. आन् मंग ती बसली.

पुढचं ऐका. पाव्हना पहिल्यांदा घाबरला, चश्मा काढला, परत घातला. मंग मालकाकडं बघून मोठ्यानं हसला. म्हनला, साहेब, ह्यो बघा, कानाशी दोन बार उडाले, गाय पडली, ह्याचा हात हालला न्हाई! असाच मानूस पायजे. ह्यालाच ठेवा. आन् साहेब म्हनला, ठेवलाच म्हना. हे गाईच्या अंगावर उभं राहून बोलनं चाललं हुतं, तिचा श्वास चालू हुता अजून. साहेब मला म्हनला, बाई, कुनी विचारलं तर गाय दुष्काळात खंगली हुती, पडली असं सांगायचं. मी म्हनलं, खंगली नव्हती, निवडुंग भाजून जगवलीया. त्यानं ऐकलं न्हाई असं केलं.

मंग मालकाला म्हनला, जा, त्यो नर लांब गेला नसंल, आन. राखनदाराचं पहिलं काम. आन् मालक गेला, रगताच्या मागावर. त्यात त्याचा हात धरनारा कुनी नव्हता. जरा वेळानं नर खांद्यावर घेऊन आला, जीपच्या मागं ठेवला, वर ताडपत्री घातली. बाईनं नराच्या शिंगावरनं हात फिरवला आन् रडली. त्याच्यासाठी रडली. मुकी चार पावलावर पडलेली, तिच्याकडं पाठ. मला जवळ बोलावून बिस्किटाचा पुडा दिला, म्हनली, बाळाला दे.

आन् मंग ती तिघं जेवायला बसली. व्हय, जेवली. लिंबाखाली सतरंजी टाकून जेवली. मी वाढलं. पिठलं वाढलं, भाकरी मोडून दिली, कांदा फोडून दिला. बाई म्हनली, चव छान हाय पन मीठ जरा कमी पडलं. पाव्हन्यानं दोनदा घेतलं. वाढताना माझ्या पदराला मुकीचं रगत लागलेलं हुतं, मी तिची मान मांडीवर घेतली हुती ना, ते कुनाला दिसलं न्हाई आन् मी बी झाकलं न्हाई. मनात आलं, हेच्या पिठल्यात माती कालवावी. न्हाई कालवली. खाकी हातातनं जाईल म्हनून न्हाई कालवली, हे बी सांगून टाकते.

जीप गेली. गिधाडं तवा लई हुती, आता एक दिसत न्हाई, तवा आभाळातनं पडल्यावानी यायची. मालक मुकीपाशी बसून दगड मारत ऱ्हायला. जमीन हुती खडकाची, खड्डा होईना, पहार न्हाई. मी म्हनलं काटं टाकू, तर हिवराच्या फांद्या तोडून वर टाकल्या. सांज झाली तशी, पालावर शेजारनीकडं ठेवलेली रतन भुकंनं रडत असंल म्हनून आमी उठलो. सकाळच्याला बघितलं तर फांद्या बाजूला आन् आत निसत्या बरगड्या. गावातले गुराखी बोलले, बार ऐकला हुता आमी. मालक म्हनला, खंगली हुती, पडली. मंग गावात उठलं, पारध्यानं सोताची गाय मारून खाल्ली. लई दिस विहिरीवर मला कुनी पानी घालीना, घागर पालथी करायचे आन् ऊठ म्हनायचे. गाय मारली म्हनून. आमी!

खाकी आली. मोठ्या मापाची हुती, खांद्यावरनं उतरायची, मी आत चुनी घातली. पोलीस यायचे बंद झाले, खोटं कशाला बोलू. उलट जाता येता विचारायचे, काय राखनदार, चहा हाय का. तारा लागल्या, फाटक लागलं, फाटकाशी एक खोली मिळाली, पक्की, पत्र्याची. जन्मात पहिल्यांदा मी भिताडाला पाठ लावून बसले. रतन शाळंत गेली, तिकडं नगरला शिकली, दवाखान्यात कामाला लागली. आमच्या लोकांनी पंचायत बसवून मालकाला टाकला, फास जाळनारा म्हनून. ह्या सगळ्याला मी व्हय म्हनले हुते. त्या खाकीचं अन्न मी खाल्लंय, आन् खाताना शिव्या बी दिल्यात.

कारन मी त्याला सोडला न्हाई. भाकरी घ्यायला हात पुढं केला की म्हनायची, आता बरा हलतो हात. कोयता उचलला की, लेकीचे केस विंचरायला बसला की, म्हनायची, आता बरा हलतो. चारचौघात म्हनायची. वरसानुवरसं म्हनले. तुमी असं बघू नका माझ्याकडं, मला वाईट वाटत न्हाई, गाय माझ्या लेकीची दूधआई हुती. त्यो एकदाच बोलला. चुलीपाशी बसला हुता, म्हनला, हरनं दिसत हुती ना गं अजून. बस एवढंच. आता तुमाला कळलं का न्हाई कुनास ठाऊक. आमच्यात कळप समोर हाय तवर गाईच्या पाठीवरनं हात काढत न्हाईत. हात काढला की गाय सरती, मानूस उघडा पडतो, कळप जातो, पोरं उपाशी. त्याला बापानं शिकवलेलं, बापाला आज्यानं. मुकीला जसं शिकवलं हुतं तसंच त्याला शिकवलं हुतं. हे मला चुलीपाशीच कळलं हुतं. कळलं म्हनून राग गेला का? न्हाई गेला.

मंग लोक यायला लागले. सकाळी येयाचे, दिसभर फिरायचे, सांजच्याला गाड्या करून जायाचे. शाळंतली पोरं, पुन्याची मानसं, दुर्बिनी घेऊन. मालक त्यांच्या पुढं चालायचा, हे हरनाचं खूर, ही लेंडी, तिकडं बघा. चालताना दोन्ही हात मागं बांधलेले, कायम. लोकांस्नी वाटायचं काय शिस्तीचा मानूस हाय. पोरं विचारायची, बाबा, तुमी गाईच्या आडनं जायाचे म्हनं, मंग ती गाय कुठं हाय? त्यो म्हनायचा, चरायला गेलीया. मी फाटकाशी शेंगा इकायला बसलेली असायची, मला ऐकू यायचं.

कामावरनं उतरला तरी ती खोली काढून घेतली न्हाई, नव्या साहेबानं ऱ्हा म्हनलं. मंग त्याच्या अंगावरनं वारं गेलं. उजवं अंग सगळं गेलं, जीभ बी गेली, डावा हात तेवढा ऱ्हायला. मीच घास भरवायची, मीच पुसायची. हात बघून तोंडाशी यायचं, आता बरा... पन ते मी गिळायची, आता कुनाला म्हनायचं.

एक दिस सकाळी पान्याचा तांब्या खाटंखाली गेला म्हनून मी काढायला वाकले. आन् माझ्या पाठीवर हात आला. डावा हात. मला वाटलं काय पायजे असंल, मी वाकल्या वाकल्या म्हनलं, काय रं, पानी का? बोलनार कुठनं. हात तसाच. जड. पाचीची पाची बोटं, जशी तिच्या पाठीवर ठेवायचा तशी, मी किती येळा बघितली हुती, वळखू आली. उभ्या जन्मात माझ्या पाठीवर ठेवला नव्हता त्यानं तसा.

मी हालले न्हाई. कंबर धरली, तांब्या हातातच, डोळ्यापुढं निसती माती, तोंडावर माशी बसली, तरी हालले न्हाई. हात गार व्हायला लागला तवा कळलं मला, पन हात पाठीवर हुता. रतन त्या दिसांत रजा घेऊन आल्ती, ती बाहेर चूल पेटवीत हुती. आत आली, म्हनली, आई, अशी वाकून काय करतीस? मी बोलले न्हाई. तिनं बघितलं, मंग जवळ येऊन त्याचा हात उचलला. तवा मी बसले.

आता काय, आता बरं हाय. फाटकाशी बसते, शेंगा इकते, पोरं आजी म्हनत्यात. राग हाय त्या पाव्हन्यावर, त्या साहेबावर, ती दोघं म्हातारी होऊन सुखानं मेली असतील, त्यांच्यावर बी हाय आन् मालकावर बी हाय, त्यो माझा मीच नेनार. तुमी लिवताय ते लिवा. आन् आत जाताय ना हरनं बघाया, तर वाऱ्याच्या उलट्या अंगानं जा, आन् पान्याची बाटली भरून घ्या, ऊन हाय. तुमचं चांगलं होऊ दे, ताई. जावा आता, कळप बोरीपाशी आला असंल.